अध्यक्ष महोदय की सभापती महोदय?

गडहिंग्लजहून कोल्हापुरात अभ्यासाला आलेल्या एका मुलीचा प्रश्न आहे. राज्यसेवेची तयारी करते, दिवसभर राजारामपुरीतल्या अभ्यासिकेत असते. ती विचारते : "एका पुस्तकात 'लोकसभेचे अध्यक्ष' आहे, दुसऱ्यात 'लोकसभेचे सभापती'. राज्यसभेला, म्हणजे उपराष्ट्रपतींना, मात्र सगळे सभापतीच लिहितात. आमच्याकडं सभापती म्हटलं की पंचायत समितीचा. मग उपराष्ट्रपती आणि आमचे सभापती एकाच नावाच्या खुर्चीत कसे? आणि आपले ते राष्ट्रपती, अमेरिकेचे ते राष्ट्राध्यक्ष, असं का?" खाली ताजा कलम : "प्रोटेम स्पीकर म्हणजे कोण?"

परीक्षेपुरतं उत्तर आधी देऊन टाकतो. लोकसभा आणि विधानसभा : अध्यक्ष, उपाध्यक्ष. राज्यसभा आणि विधान परिषद : सभापती, उपसभापती. अनुच्छेद ९३ आणि १७८ अध्यक्षांचे, ८९ आणि १८२ सभापतींचे. 'लोकसभेचे सभापती' बातम्यांत अजून दिसतं, जुन्या माणसांच्या तोंडी तर ते पक्कं बसलंय. बोलताना चालेल, उत्तरपत्रिकेत नको. कारण तिथं अर्थच बदलतो. एखादं विधेयक धन विधेयक आहे की नाही, यावर अनुच्छेद ११० प्रमाणे शेवटचा शब्द लोकसभेच्या अध्यक्षांचा. दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक भरली की तिथंही तेच बसतात. या दोन वाक्यांत 'सभापती' लिहिलंत तर तपासणारा राज्यसभेचा सभापती समजणार आणि उत्तर चूक ठरवणार. त्यात त्याची चूक नाही.

ऐकून ओळखायची सवय लावायची तर अधिवेशनाचं थेट प्रक्षेपण लावा आणि चित्राकडं पाठ करून बसा. 'अध्यक्ष महोदय' कानावर आलं की विधानसभा, 'सभापती महोदय' आलं की परिषद. मुख्य व्यक्ती खुर्चीत नसेल तर तालिकेवरचा, म्हणजे त्यासाठी आधीच नेमून ठेवलेल्या यादीतला, सदस्य बसतो, त्याचंही तसंच : तिकडं तालिका अध्यक्ष, इकडं तालिका सभापती. बरीच वर्षं विधानसभेत काढून परिषदेवर गेलेल्या एखाद्या सदस्याच्या तोंडून सवयीनं 'अध्यक्ष महो...' निघतं आणि मग जीभ चावली जाते. मला हे ऐकायला फार आवडतं.

आता शब्दांकडं. अध्यक्ष म्हणजे अधि अधिक अक्ष. अक्ष म्हणजे डोळा, 'प्रत्यक्ष'मध्ये आहे तोच. वरून नजर ठेवणारा तो अध्यक्ष. मुळात हा सभेचा माणूसच नव्हे, हा खातेप्रमुख. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं दुसरं अधिकरणच 'अध्यक्षप्रचार' नावाचं आहे आणि त्यात अध्यक्षांची रांग लागलेली आहे : शेतीचा सीताध्यक्ष, जकातीचा शुल्काध्यक्ष, बाजाराचा पण्याध्यक्ष, दारूचा सुराध्यक्ष, आणि गाईम्हशींचा गोऽध्यक्ष. हा शेवटचा कोल्हापूर जिल्ह्यात आजही निवडणूक लढवून होता येतं, फक्त त्याला दूध संघाचा अध्यक्ष म्हणतात.

सभापती याच्या उलट. त्याच्या नावातच सभा आहे. शब्द जुनाही भरपूर. श्रावणी सोमवारी देवळात रुद्र म्हणताना नीट कान दिलात तर 'नमः सभाभ्यः सभापतिभ्यश्च वो नमः' ऐकू येईल. सभांना नमस्कार, सभापतींना नमस्कार. थोडं पुढं गणांना आणि गणपतींना.

म्हणजे नुसत्या व्युत्पत्तीवर जायचं तर लोकसभेतल्या माणसालाही सभापतीच शोभला असता. जुन्या लोकांचं चुकत नव्हतं, असं मला म्हणायचंय. मग अध्यक्ष कुठून आला? इंग्रजी 'स्पीकर'चा हा अनुवाद नाही, हे तर उघड आहे. इंग्लंडात हा माणूस सभागृहाच्या वतीनं राजापुढं जाऊन बोलायचा, म्हणून तो स्पीकर. आपल्याकडचा बोलत नाही, दुसऱ्यांना खाली बसवतो. शिवाय कोल्हापुरात स्पीकर म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरवर रचतात ते.

माझा तर्क असा आहे. दिल्लीच्या केंद्रीय कायदेमंडळात १९२५ साली विठ्ठलभाई पटेल त्या खुर्चीवर निवडून आले तेव्हा पदाचं इंग्रजी नाव प्रेसिडेंट होतं. १९४६ साली मावळणकर तिथं बसले तेही प्रेसिडेंट म्हणूनच. दिल्लीत स्पीकर हे नाव स्वातंत्र्यानंतरचं, आणि १९५२ साली मावळणकर लोकसभेचे पहिले स्पीकर झाले. प्रेसिडेंटला आपण तोवर अध्यक्ष म्हणतच होतो, काँग्रेसचे अध्यक्ष, एखाद्या जाहीर परिषदेचे अध्यक्ष. इंग्रजी पाटी बदलली, देशी तशीच राहिली. आणि खालच्या सभागृहाला अध्यक्ष गेल्यावर वरच्याला सभापती उरला.

तुमचा मधला प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. पंचायत समितीचा सभापती आणि राज्यसभेचा सभापती यांचा एकमेकांशी संबंध एवढाच की दोघांनाही इंग्रजीत चेअरमन म्हणतात. आपल्याकडची १९६१ च्या जिल्हा परिषद कायद्याची शिडी बघा. जिल्हा परिषदेला अध्यक्ष, पंचायत समितीला सभापती, शिक्षण समितीला, बांधकाम समितीला सभापती. जिल्हा परिषदेचा अध्यक्ष हाच स्थायी समितीचा पदसिद्ध सभापती. नागाळा पार्कातल्या इमारतीत एकच माणूस एका सभेला अध्यक्ष असतो आणि दुसऱ्या सभेला सभापती. बाजार समितीलाही सभापती : शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात तिथला.

इथं एक सोपं सूत्र सुचतं आणि ते फसवं आहे. 'लोकांनी थेट निवडलेल्या सभागृहाला अध्यक्ष, बाकीच्यांना सभापती', असं काही वर्गांत शिकवतात म्हणे. पंचायत समितीचे सदस्यही थेट निवडून येतात, सूत्र तिथंच मोडतं. उलट बाजूनंही मोडतं. लोकसेवा आयोगाच्या प्रमुखाला इंग्रजीत चेअरमन म्हणतात, मराठीत अध्यक्ष. तुमची मुलाखत घेणारा आयोगच तुमच्या सूत्राबाहेर बसलाय, तेव्हा पाठच करा.

आणि चेअरमन हा शब्द मराठीत नाही असं कोण म्हणेल? साखर कारखाना, विकास सोसायटी, दूध संस्था, पतसंस्था, सगळीकडं चेअरमनच. आमच्या गावच्या दूध संस्थेच्या भिंतीवर रंगवलंय 'अध्यक्ष', खाली नाव, तारीख. संध्याकाळी फॅट लावून घ्यायला रांगेत उभी राहणारी एकही बाई त्यांना अध्यक्ष म्हणत नाही. "चेअरमन, म्हशीला आज फॅट कशी काय कमी लागली ओ?" कारखान्याच्या वार्षिक सभेतही 'चेअरमनसाहेब' असतं, अध्यक्ष फक्त अहवालात.

आणखी एक अध्यक्ष मी स्वतः झालेलो आहे. शिक्षकी पेशात निवडणुकीची ड्यूटी चुकत नाही, त्यामुळं कितीदा तरी मतदान केंद्राध्यक्ष होतो. हिंदी पट्ट्यात त्यालाच पीठासीन अधिकारी म्हणतात. मराठीत मात्र पीठासीन अधिकारी म्हणजे विधिमंडळातले अध्यक्ष आणि सभापती. हिंदी पुस्तकांवरून तयार केलेल्या नोट्स वाचणार असाल तर इथं जपा. प्राथमिक शाळेच्या वर्गात, पोरांच्या बुटक्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून बसलेला माणूस सभागृह चालवत नव्हता, एवढं मी खात्रीनं सांगतो.

बाईमाणूस असेल तर काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. पती म्हणजे नवरा हा अर्थ नंतरचा, मूळ अर्थ धनी, पालक. सेनापती, लखपती, कुलपती, आणि कोल्हापुरात सांगायलाच नको, छत्रपती. त्यामुळं राष्ट्रपती आणि सभापती बाईलाही तसेच लागतात. २००७ साली प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा यावर बरंच चऱ्हाट वळलं गेलं, शेवटी शब्द आहे तिथंच राहिला. अध्यक्षाचं 'अध्यक्षा' मात्र सर्रास होतं. लोकसभेच्या खुर्चीत बसलेल्या मीरा कुमार, सुमित्रा महाजन यांच्यामागं दोन्ही लावलेलं सापडेल. पदाचं नाव म्हणून 'अध्यक्ष' लिहावं, असं माझं मत. गावाकडं हा गुंता केव्हाच सुटलाय : सभापती मॅडम.

राष्ट्रपतीची गोष्ट थोडक्यात. हा शब्द राज्यघटनेच्या आधी काँग्रेसच्या अध्यक्षाला वापरत. १९३८ साली हरिपुऱ्याच्या काँग्रेस अधिवेशनात सुभाषबाबू 'राष्ट्रपती' होते ते या अर्थानं. पुढं तो देशाच्या प्रमुखाकडं गेला आणि काँग्रेसकडं नुसता अध्यक्ष राहिला. मराठी वर्तमानपत्रांनी मग आपल्यापुरतं ठरवून टाकलं की राष्ट्रपती आपला, परक्यांचा तो राष्ट्राध्यक्ष. हिंदीत ही वाटणी नाही, तिथं अमेरिकेचाही राष्ट्रपतीच असतो.

राहता राहिला तुमच्या ताजा कलमातला 'प्रोटेम स्पीकर'. नव्या सभागृहात सदस्यांना शपथ द्यायला आणि नवा अध्यक्ष निवडला जाईपर्यंत बसवलेला अध्यक्ष. मराठीत त्याला हंगामी अध्यक्ष म्हणतात. उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या मुलीला 'हंगामी' समजावून सांगायची गरज नसावी. फरक एवढाच की कारखान्यावरच्या हंगामी कामगाराला पुढच्या गळिताला परत बोलावतात.