वाचकांचे प्रश्न : झॉम्बी, ऊन आणि कडक भाकरी

प्रश्न : मुलगा बारावीत आहे. ‘अपोकाविक्सा’ नावाचा पोलिश सिनेमा बघायचा म्हणून मागे लागलाय. काय आहे त्यात? बघू द्यावा का? (एक पालक, विजापूर रोड)

उत्तर : सिनेमा २०२२चा, दिग्दर्शक क्साव्हेरी झुवाव्स्की. कोरोनाच्या काळात महिनोन्‌महिने घरात कोंडून, पडद्यासमोर बसून शिकलेली पोरं शाळा संपल्यावर बाल्टिक समुद्राकाठच्या एका आलिशान बंगल्यावर पार्टीला जमतात आणि तिथे झॉम्बींचा धुमाकूळ सुरू होतो. नावातच सगळं आहे. ‘अपोकालिप्सा’ म्हणजे प्रलय आणि ‘विक्सा’ म्हणजे तिकडच्या पोरांच्या बोलीत रात्रभराचा धांगडधिंगा. पोलंडमध्ये शाळा सोडताना ‘मातुरा’ ही परीक्षा असते, मे महिन्यात, आपल्या बोर्डासारखीच. ती देणारी मुलं अठरा-एकोणीस वर्षांची असतात. म्हणजे पात्रं तुमच्या मुलाच्याच वयाची, पण सिनेमा मोठ्यांसाठी आहे. नशापाणी आहे, रक्त आहे, जीभ सैल आहे. अठरा पूर्ण होईपर्यंत थांबवा आणि नंतर शक्य झालं तर सोबत बसून बघा. थोरांनी नासवलेलं जग पोरांच्या गळ्यात पडतं, हा त्यातला राग खरा आहे. त्यावर घरात बोलणं झालं तर चांगलंच.

प्रश्न : ‘अपोकाविक्सा’त दाखवलंय तसं समुद्राच्या घाण पाण्यानं माणूस बिघडतो, हे निव्वळ कल्पित की त्यात तथ्य आहे? आमच्याकडेही उन्हाळ्यात तळ्यावर हिरवा थर येतो. (वाचक, होटगी रोड)

उत्तर : झॉम्बी कल्पित, पाणी खरं. बाल्टिक समुद्र जवळजवळ बंदिस्त आहे. डेन्मार्कजवळच्या अरुंद सामुद्रधुन्यांतूनच त्याचं पाणी बदलतं आणि पूर्ण बदलायला सुमारे ३० वर्षं जातात. शेतातली खतं आणि सांडपाण्यातलं फॉस्फरस त्यात साठत राहतं. मग जुलै-ऑगस्टमध्ये ऊन तापलं, वारा पडला की नील-हरित जिवाणूंचा थर पसरतो आणि पोलंडच्या किनाऱ्यांवर पोहायला बंदी येते. त्यातल्या ‘नोड्युलारिया’ या जातीचं विष यकृतावर जातं. अशा थराचं पाणी पिऊन जनावरं मेल्याची नोंद ऑस्ट्रेलियातून १८७८ सालीच झाली होती. माणसाला अंगावर पुरळ, उलट्या, जुलाब होतात. पोटात जास्त गेलं तर यकृताला धोका.

गोड्या तळ्यात बहुधा याच जिवाणूंपैकी ‘मायक्रोसिस्टिस’ असतो. ओळखायची साधी रीत अशी : थरात काडी फिरवा. हिरवे धागे काडीला लोंबले तर ते साधं शेवाळ. ऑइलपेंट सांडल्यासारखा लेप काडीला बसला तर नील-हरित जिवाणूंचा संशय धरा. मग हात साबणानं धुवा आणि जनावरं, कुत्री तिकडे सोडू नका. पाणी उकळून हे विष जात नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण उकळलं की झालं असं आपल्याकडे सर्रास मानतात.

प्रश्न : कॉलेजच्या सहा पोरांनी पंधरा मिनिटांची झॉम्बी कॉमेडी करायचं ठरवलंय. शूटिंग एप्रिलमध्ये, सोलापुरात. मेकअप टिकेल का? रक्त कसं करायचं? (विद्यार्थी, जुळे सोलापूर)

उत्तर : एप्रिलात पारा ४०च्या पुढे जातो, म्हणून साहित्य निवडतानाच अर्धी लढाई असते. इंटरनेटवर दाखवतात त्या जिलेटिनच्या जखमा करू नका, अंगाच्या उष्णतेनं आणि घामानं त्या तासाभरात ओघळतात. व्हॅसलीन आणि कॉर्नफ्लॉवर मळून केलेला लगदाही तसाच घसरतो. आपल्या हवेत टिकतं ते लिक्विड लेटेक्स (रबराचा पातळ चीक) आणि टिश्यूपेपर.

आदल्या दिवशी प्रत्येकाच्या कोपराच्या आतल्या बाजूला लेटेक्सचा एक थेंब लावून २४ तास थांबा. खाज किंवा लाली आली तर त्या मुलाला लेटेक्स अजिबात नको, त्याला नुसता रंग. लेटेक्सला अमोनियाचा वास असतो, म्हणून पंख्याखाली, खिडकी उघडी ठेवून बसा. चेहरा धुऊन, बर्फ गुंडाळलेल्या फडक्यानं पुसून कोरडा करा. भुवया आणि केसांच्या कडेला व्हॅसलीन, नाहीतर काढताना केस उपटून येतात. मग लेटेक्सचा पातळ हात, त्यावर टिश्यूचा एकच पदर (दोन पदर असतात, ते सुटे करून घ्या), कडा कात्रीनं न कापता बोटांनी फाडलेल्या. असे तीन ते चार थर. प्रत्येक थर पांढऱ्याचा पारदर्शक होईपर्यंत वाळू द्या. हेअर ड्रायर वापरलात तर थंड हवेवर. घाई केली की खालचा थर ओला राहतो आणि घामानं सगळी खपली एकदम सुटते. शेवटी मधोमध चिमटीनं फाडा, आत गडद लाल आणि तपकिरी भरा, कडेला पिवळट-हिरवा हलका हात. रंग पाण्याचे नकोत, क्रीमचे घ्या आणि वर टाल्कम पावडर थोपटा. पावडर विसरलात तर पहिल्याच धावण्यात रंग कॉलरवर येतो.

रक्त साखरेच्या पाकाचं केलं की दिसतं छान, पण दहा मिनिटांत मुंग्या आणि माश्या. कपड्यांवर आणि अंगावर लावायला ग्लिसरीनचं करा : १०० मिली ग्लिसरीन, खायचा लाल रंग पाव चमचा, कोको पावडर अर्धा चमचा, निळ्या रंगाचा एक थेंब. कोकोनं पारदर्शकपणा जातो, निळ्यानं गुलाबी झाक मरते. कपड्यांसाठीच्या वाटीत थोडा शाम्पू घाला, डाग धुताना सोपं जातं. ती वाटी डोळ्यातोंडाजवळ नेऊ नका. तोंडातून गळणारं रक्त वेगळं : लिक्विड ग्लुकोज, खायचा रंग, कोको, बस्स. आपल्या गावात सूत रंगवायचे रंग सहज आणि स्वस्त मिळतात. ते कातडीवर लावण्यासाठी नाहीत, मोह टाळा. पांढऱ्या लेन्सही नकोत. एकमेकांच्या लेन्स घातल्या की बुबुळाला जंतुसंसर्ग होतो. डोळ्यांच्या खोबणीत तपकिरी-जांभळी सावली दिली की कॅमेऱ्यात तेवढं पुरतं.

शूटिंग सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतर. काढताना लेटेक्स ओढू नका. कडेनं खोबरेल तेल मुरवत पाच मिनिटं थांबा, मग सुटतं.

प्रश्न : हाडं मोडण्याचा, लचके तोडण्याचा आवाज फोनवर कसा मिळवायचा? (त्याच ग्रुपमधली एक मुलगी)

उत्तर : यात सोलापूरला तोड नाही. आपली ज्वारीची कडक भाकरी घ्या, कागदासारखी पातळ, ठणठणीत वाळलेली. फोनपासून वीतभर अंतरावर, माइकच्या थेट समोर न धरता जरा बाजूला, दोन्ही हातांनी सावकाश वाकवत न्या. आधी बारीक चर्र येतो, मग कडाका. तो चर्रच कामाचा, त्यानं अंगावर काटा येतो. मोठ्या हाडाला तीन भाकऱ्या एकावर एक. मांसासाठी पिकलेल्या कलिंगडात बोटं घालून गर ओढा, ओला पंचा पिळा. चावण्याला मुळा किंवा गाजर.

खोली घुमत असेल तर सोलापुरी चादरी दुहेरी घडी करून दोरीवर तीन बाजूंनी टांगा, फोन मध्ये ठेवा. पंखा आणि फ्रिज बंद करा. प्रत्येक आवाज निदान पाच वेळा घ्या, कारण एकच कडाका पुन्हा पुन्हा वापरला की प्रेक्षकाच्या कानाला लगेच कळतं.

प्रश्न : आमच्या तालमीत कोणी घाबरत नाही आणि कोणी हसतही नाही. कुठं चुकतंय? (नाट्यमंडळ, अशोक चौक)

उत्तर : बहुतेक तुमचे झॉम्बी विनोद करायला बघतायत. झॉम्बीला फक्त भूक असते. प्रत्येकानं एकच सांधा निकामी ठरवावा, कुणी घोटा, कुणी मान, आणि शेवटपर्यंत तोच पाळावा. सगळेच हात पुढे करून चालले की शाळेतली कवायत दिसते. हसू जिवंत पोरांकडून येतं. दार झॉम्बी ठोठावतायत आणि आत दोघं फोनचा चार्जर कुणाचा यावर खरंखुरं भांडतायत, असा प्रसंग लिहा. कॅमेरा स्थिर ठेवा, झॉम्बी मागे धूसर येऊ द्या आणि प्रेक्षकाला तो दिसल्यावरही तीन-चार सेकंद कट करू नका. मराठीत आदित्य सरपोतदारांचा ‘झोंबिवली’ २०२२च्या जानेवारीत आला, तो या नजरेनं पुन्हा बघा.

जागेबद्दलही विचारलंय. भुईकोट किल्ला संरक्षित स्मारक आहे, पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय तिथे कॅमेरा लावू नका. कुणाचं बंद गोदाम किंवा शेतातलं घर मालकाला विचारून घ्या, जवळच्या पोलीस ठाण्यात आधी कळवा. आणि रक्तानं माखलेल्या पोराला गाडीवर मागे बसवून सात रस्त्यावरून नेऊ नका, लोक अपघात समजून धावतात. मेकअप जागेवर जाऊनच करा.