जनरेटरच्या इंजिनाला मॅग्नेटिक स्पीड सेन्सर कोणता घ्यावा आणि कसा बसवावा?

तुमचा प्रश्न असा आहे: सोसायटीच्या १२५ केव्हीए डिझेल जनरेटरचा स्पीड सेन्सर गेला, दुकानदाराने तीन नमुने पुढे ठेवले (एक एम-१६ आट्यांचा, एक पाच-अष्टमांश इंची, एक तीन वायरींचा). यातला कोणता घ्यायचा, आणि बसवणं आपल्याला जमेल का?

जुना सेन्सर फेकला नसाल तर अर्धं काम झालं. त्याच्या वायरी मोजा. दोनच असतील तर तो साधा मॅग्नेटिक पिकअप: आत कायम चुंबक आणि त्याभोवती बारीक तारेची कॉइल. फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या मागच्या जड चाकाच्या) रिंग गिअरचा, म्हणजे त्यावरच्या दातेरी कड्याचा, दाता समोरून गेला की चुंबकीय प्रवाह बदलतो आणि कॉइलमध्ये एसी व्होल्टेज तयार होतं. बाहेरून सप्लाय लागत नाही. तीन वायरींचा हॉल सेन्सर अगदी हळू फिरणारं चाकही ओळखतो, पण त्याला सप्लाय लागतो आणि त्याचा सिग्नलही वेगळा असतो. कंट्रोलर (सेन्सरचा सिग्नल वाचणारा पॅनेलमधला डबा) दोन वायरींसाठी असेल तर तीनवाला घेऊ नका, दुकानदार कितीही भारी म्हणाला तरी.

आता आटे. सगळ्यात जास्त घोळ मी इथेच पाहिलाय. पाच-अष्टमांश इंच म्हणजे १५.८८ मिमी, इंचाला १८ आटे, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.४१ मिमी. एम-१६ म्हणजे १६ मिमी, पिच १.५. शेजारी ठेवले तर डोळ्याला फरक कळत नाही. एकाच्या भोकात दुसरा दोन-तीन आटे जातोसुद्धा, मग अडकतो. नाशिकजवळच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये आधीच्या माणसाने इंची भोकात एम-१६ पान्याने दाबून घातला होता. हाउसिंगचे (फ्लायव्हीलवरच्या कवचाचे) आटे गेले. ऐन द्राक्षांच्या हंगामात मला ते भोक मोठं करून एम-१८ चे आटे पाडावे लागले. सेन्सर बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे. पाना फक्त लॉकनटला लावायचा. दुकानात जाताना जुना सेन्सर आणि पिच गेज (आट्यांचं अंतर तपासायची पट्टी) सोबत न्या.

लांबीही तपासा. हाउसिंगच्या तोंडापासून दात्याच्या माथ्यापर्यंतची खोली व्हर्निअरच्या दांडीने मोजा. सेन्सरचे आटे त्याहून इतके लांब हवेत की लॉकनट बसल्यावरही थोडे उरतील.

बसवण्याआधी एक गोष्ट कळकळीने सांगतो. कंट्रोलर ऑटोवरून काढून बंद करा, इमर्जन्सी स्टॉप दाबा आणि बॅटरीची मायनस वायर सोडा. तुमचा हात फ्लायव्हीलपाशी असताना महावितरणची लाइट गेली, तर ऑटोवरचं इंजिन आपणहून सुरू होतं. हे तिन्ही केल्याशिवाय भोकाला हात लावू नका.

मग टॉर्च लावून भोकातून आत बघा. इंजिन हाताने थोडं थोडं फिरवून दात्याचा सपाट माथा बरोबर मध्ये आणा. ही पायरी गाळली की सेन्सर दोन दात्यांच्या मधल्या खाचेत उतरतो, तिथून गॅप (सेन्सरचं टोक आणि दाता यांमधलं अंतर) मोजला जातो, आणि पहिल्याच फेरीत दाता सेन्सरचं टोक खरवडून टाकतो. माथा समोर आला की सेन्सर हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घ्या आणि अर्धा ते पाऊण फेरा मागे सोडा. इंची सेन्सरला त्याचा साधारण ०.७ ते १ मिमी गॅप होतो. सेन्सर एका हाताने धरून लॉकनट आवळा, नाहीतर तोही नटाबरोबर फिरतो. नंतर फ्लायव्हीलचा पूर्ण फेरा हातानेच फिरवा, कुठे घासतंय का ऐका.

वायर शिल्डेड आणि पीळ दिलेली घ्या. शिल्डचं अर्थिंग एकाच टोकाला, कंट्रोलरकडे. स्टार्टरच्या जाड केबलबरोबर ती एका पट्ट्यात बांधू नका. नाहीतर इंजिन कारण नसताना हंटिंग करायला लागतं (वेग सतत वर-खाली होतो) आणि लोक गव्हर्नर (वेग स्थिर ठेवणारा भाग) खोलत बसतात.

आता मोजमाप. इंजिन सुरू होऊ नये म्हणून फ्युएल सोलेनॉइडची (डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या झडपेची) वायर सोडून ठेवा, मग बॅटरी पुन्हा जोडा, इमर्जन्सी स्टॉप मोकळा करा आणि चार-पाच सेकंद स्टार्टर मारा. मल्टिमीटर एसीवर. निदान एक व्होल्ट दिसला पाहिजे, दीड-दोन असेल तर उत्तम. कमी असेल तर गॅप थोडा, फेऱ्याच्या आठव्या भागाइतका कमी करा आणि पुन्हा हाताने फेरा फिरवून पाहा. क्रँकिंगला (फक्त स्टार्टरने फिरताना), समजा ११८ दाते आणि १५० ते २०० आरपीएम, फ्रिक्वेन्सी ३०० ते ४०० हर्ट्झच्या आसपास असते. साधा मीटर तिथे ठीक दाखवतो. चालू इंजिनावर मात्र ती ३००० च्या जवळ जाते आणि स्वस्त मीटर कमी व्होल्ट दाखवतात. त्या आकड्यावरून सेन्सर खराब ठरवू नका.

दात्यांची संख्या कंट्रोलरमध्ये बरोबर हवी. खडूची खूण करून मोजा, किंवा अल्टरनेटर ५० हर्ट्झवर असताना सेन्सरची फ्रिक्वेन्सी घेऊन २५ ने भागा. चार पोलचा अल्टरनेटर तेव्हा १५०० आरपीएमवर, म्हणजे सेकंदाला २५ फेरे फिरतो. २९५० आले तर ११८ दाते. त्याऐवजी १२८ भरले तर पडद्यावर १३८३ दिसतील, आणि १६५० ला लावलेला ओव्हरस्पीड ट्रिप (वेग फार वाढला की इंजिन बंद करणारी सोय) प्रत्यक्षात १७९० ला पडेल. म्हणून हा आकडा अंदाजाने भरू नका.

पुढे कधी सिग्नल कमी झाला तर नवा आणण्याआधी सेन्सर बाहेर काढून टोक पाहा. त्या कोल्ड स्टोरेजमध्ये आटे पाडल्यावर दुसऱ्याच दिवशी टोकाला लोखंडाच्या भुकटीच्या मिशा फुटल्या होत्या. टॅपला (आटे पाडायच्या हत्याराला) ग्रीस लावूनही थोडा कीस आत पडलाच होता. फडक्याने पुसल्यावर व्होल्टेज परत आलं. टोक स्वच्छ असेल तर दाते तपासा. सहा सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक वेळा ठरावीक तीन जागीच थांबतं, त्यामुळे स्टार्टर तिथलेच दाते झिजवतो. झीज जास्त असेल तर सेन्सर बदलून काही होत नाही, रिंग गिअरच बदलावी लागते.

नव्या सेन्सरच्या कॉइलचा ओहममधला रेझिस्टन्स, क्रँकिंगचे व्होल्ट आणि दाते, हे तीन आकडे पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. पुढच्या वेळी रात्री लाइट गेल्यावर जो कोणी येईल त्याचा तास वाचेल.