‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी की निर्बंध?

अमळनेरच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे: “परदेशात पदव्युत्तर शिक्षणासाठी जीआरई ही प्रवेशपरीक्षा द्यायची आहे. तिच्या तयारीत ‘सँक्शन’पुढे मी ‘मंजुरी’ लिहून ठेवलं होतं. सरावाच्या उताऱ्यात अर्थ ‘निर्बंध’ निघाला आणि उत्तर चुकलं. खरा अर्थ कोणता? माझ्या वहीत असे आठशे शब्द आहेत, प्रत्येकापुढे एकेक मराठी शब्द. ही पद्धतच चुकते आहे का?”

दोन्ही अर्थ खरे आहेत. आणि हो, पद्धत चुकते आहे. वही फेकायची गरज नाही, पण एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द हा हिशोब मोडावा लागेल.

आधी शब्दाकडे बघू. ‘सँक्शन’च्या मुळाशी एक लॅटिन क्रियापद आहे. त्याचा अर्थ एखादी गोष्ट पवित्र ठरवून तिला कायद्याचं बळ देणं. ‘सेंट’ हा शब्दही त्याच कुळातला. एखाद्या नियमावर असा शिक्का बसला की तो पक्का झाला. तिथून ‘मान्यता’ हा अर्थ आला. आणि असा पक्का नियम मोडणाऱ्याला जो दंड, तोही ‘सँक्शन’च; तिथून ‘शिक्षा’ आणि ‘निर्बंध’. एकाच शिक्क्याच्या या दोन बाजू. आपल्याकडे त्यातली पहिलीच बाजू पोहोचली. लोन सँक्शन झालं, विहीर सँक्शन झाली, ठिबकचं अनुदान सँक्शन व्हायचं आहे, हे जळगाव-धुळ्याकडे इंग्रजी न शिकलेला माणूसही सहज बोलतो. त्यामुळे हा शब्द आपल्याला येतो अशी खात्री वाटते आणि परीक्षेत पाय घसरतो तो तिथेच.

वाक्यात ओळखायचं कसं? अनेकवचनी नाम असेल आणि पुढे ‘ऑन’ किंवा ‘अगेन्स्ट’ असेल, तर जवळजवळ नेहमी निर्बंध. एकवचनी नाम असेल आणि ‘विथ द सँक्शन ऑफ’ अशी बांधणी असेल, तर मान्यता. क्रियापद असेल तर कर्म पाहा: एखादं कृत्य, प्रथा किंवा प्रयोग ‘सँक्शन’ केला म्हणजे त्याला संमती दिली, माणसाला, संस्थेला किंवा देशाला कशाबद्दल तरी ‘सँक्शन’ केलं म्हणजे दंड केला.

असे शब्द मराठीत नाहीत असं नाही. ‘उतारा’च घ्या. तलाठ्याकडे मिळतो तो उतारा, पुस्तकातला उतारा, विंचवाच्या विषावरचा उतारा, उसातून साखरेचा पडणारा उतारा, दृष्ट काढून तिठ्यावर टाकतात तो उतारा. नारळ ‘वाढवला’ म्हणजे फोडला, आणि ताटात भात ‘वाढला’ म्हणजे घातला. आपण कधी गोंधळत नाही, कारण हे शब्द यादीतून शिकलेलो नाही. ते वाक्यांतून कानावर पडले.

म्हणून आठशे शब्दांतून आधी ते शब्द बाजूला काढा, जे मराठी बोलण्यात रोज येतात. ‘अ‍ॅबस्ट्रूस’, ‘ऑब्ड्युरेट’ असले शब्द अनोळखी दिसतात, म्हणून माणूस सावध राहतो. घात करतात ते ओळखीचे. ‘क्वालिफाय’ म्हणजे पात्र ठरणं हे सगळ्यांना ठाऊक, पण परीक्षेत ‘क्वालिफाइड सपोर्ट’ म्हणजे हातचं राखून, अटी घालून दिलेला पाठिंबा. ‘चेक’ म्हणजे तपासणं नव्हे, आळा घालणं. ‘टेंपर’ म्हणजे राग नव्हे, तीव्रता कमी करणं. ‘फ्लॅग’ म्हणजे झेंडा नव्हे, दमून ढेपाळणं. ‘अ‍ॅप्रोप्रिएट’ क्रियापद झालं की अर्थ परस्पर लाटणं. ‘पेडेस्ट्रियन’ शैली म्हणजे पादचाऱ्याची नव्हे, रटाळ शैली. आणि ‘हजबंड’ क्रियापद म्हणून आला तर नवऱ्याचा काही संबंध नाही. अर्थ जपून, पुरवून वापरणं. पशुसंवर्धनाला इंग्रजीत ‘अ‍ॅनिमल हजबंडरी’ म्हणतात, तो शब्द याच कुळातला. ठिबकवर केळी जगवणारा रावेर-यावलचा शेतकरी पाणी ‘हजबंड’ करतो, असं वाक्य एकदा लिहून ठेवलं तर हा शब्द पुन्हा विसरणार नाही.

यातच भारतीय इंग्रजीची एक वेगळी खोड मिसळते. ही परीक्षा अमेरिकन आहे. आपल्याकडे ‘स्कीम’ म्हणजे सरकारी योजना. अमेरिकन कानाला त्यात डाव, कारस्थान ऐकू येतं. विधेयक ‘टेबल’ केलं म्हणजे आपण, ब्रिटिशांप्रमाणे, सभागृहाच्या पटलावर ठेवलं असं समजतो. अमेरिकेत तेच विधेयक बाजूला सारलेलं असतं, अर्थ थेट उलटा. लग्नाच्या जाहिरातीतली ‘होमली’ मुलगी घरात रमणारी. अमेरिकन इंग्रजीत तीच दिसायला बेताची. (जाहिरात देणाऱ्यांना हे कुणी सांगू नये.)

आता अर्थाच्या रंगाकडे, म्हणजे शब्दात कौतुक आहे की टीका याकडे येऊ, कारण वहीतल्या एकशब्दी अर्थात सगळ्यात आधी तोच हरवतो. ‘फ्रूगल’ आणि ‘पार्सिमोनियस’ या दोन्हींपुढे ‘कमी खर्च करणारा’ लिहिलं तर चूक नाही, पण उपयोगही नाही. पहिला काटकसरी, दुसरा चिक्कू. मराठीत या दोन माणसांची आपण कधी गल्लत करत नाही, मग इंग्रजीत का करायची? ‘टेनेशस’ म्हणजे चिकाटीचा, ‘ऑब्स्टिनेट’ म्हणजे हेकट. ‘लॉक्वेशस’ बोलका, फार तर बडबड्या. ‘गॅर्युलस’ म्हणजे नको त्यावर नको तितका बोलणारा, ऐकणाऱ्याला वैताग आणणारा. उलट्या बाजूला ‘टॅसिटर्न’ स्वभावानेच अबोल, ‘रेटिसंट’ स्वतःबद्दल हातचं राखून बोलणारा, आणि ‘लॅकॉनिक’ बोलेल, पण चार शब्दांत आटपेल. मराठी प्रतिशब्द वापरू नका असं काही शिकवणारे सांगतात. मला ते पटत नाही. चांगला मराठी शब्द रंगासकट अर्थ देतो. ‘कमी बोलणारा’ असा बेचव शब्द लिहिला की तो रंग जातो. घरी अहिराणी किंवा लेवा बोली असेल आणि एखादा शब्द तिच्यात नेमका बसत असेल, तर तोच लिहा.

हा रंग का महत्त्वाचा, हे प्रश्नाच्या रचनेवरून कळतं. सप्टेंबर 2023 पासून परीक्षा लहान झाली. भाषेच्या भागात आता दोन विभागांत मिळून 27 प्रश्न असतात: पहिल्यात 12 प्रश्न 18 मिनिटांत, दुसऱ्यात 15 प्रश्न 23 मिनिटांत. म्हणजे सरासरी प्रश्नाला दीड मिनिट. उतारे त्याहून जास्त वेळ खातात, म्हणून रिकाम्या जागेचा प्रश्न मिनिटभरात सुटायला हवा. या प्रश्नांचे प्रकार दोन. पहिल्यात एक जागा असेल तर पाच पर्याय. दोन-तीन जागा असतील तर प्रत्येकीला तीन पर्याय, आणि सगळ्या बरोबर आल्या तरच गुण. तीन जागांचं उत्तर अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता 27 मध्ये एक. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून प्रश्न कोरा मात्र सोडू नये.

दुसऱ्या प्रकारात एकच जागा, सहा पर्याय, आणि त्यांतले दोन निवडायचे. दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखाच व्हायला हवा. वाक्य मराठीत घेऊन नमुना पाहू:

“दुष्काळ पाहिलेला तो शेतकरी पैसा जपून वापरायचा, पण दारी आलेल्याला उपाशी पाठवायचा नाही, म्हणून गाव त्याला कौतुकाने ____ म्हणायचं.” पर्याय: मायझर्ली, फ्रूगल, टॅसिटर्न, थ्रिफ्टी, पार्सिमोनियस, प्रॉडिगल.

इथे जोड्या दोन आहेत. ‘मायझर्ली’ आणि ‘पार्सिमोनियस’ एकमेकांना चपखल बसतात, आणि ज्याने फक्त ‘कमी खर्च करणारा’ पाठ केलं तो इथेच अडकतो. ‘उपाशी पाठवायचा नाही’ आणि ‘कौतुकाने’ या दोन खुणा ती जोडी बाद करतात. उत्तर ‘फ्रूगल’ आणि ‘थ्रिफ्टी’. ‘प्रॉडिगल’ उधळ्या, म्हणजे उलट. ‘टॅसिटर्न’ला तर जोडीदारच नाही. सवय अशी लावा: पर्याय झाकून आधी रिकाम्या जागी स्वतःचा मराठी शब्द भरायचा, मगच पर्याय उघडायचे. पर्याय आधी पाहिले की समानार्थी जोडी डोळ्यात भरते आणि वाक्य मागे पडतं.

जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यातून घेतलेलं जाडजूड शब्दपुस्तक वापरत असाल तर छापल्याचं साल पाहा. सुटे विरुद्धार्थी शब्द आणि शब्दजोड्यांचे प्रश्न 2011 मध्येच बंद झाले. त्यातले शब्द वापरा, सराव नको.

आता आठशे शब्दांचं काय करायचं ते. जाड कागदाची कार्डं कापा, पत्त्याएवढी. पुढच्या बाजूला शब्द आणि तो असलेलं एक इंग्रजी वाक्य. शब्द रोमन लिपीतच लिहा. देवनागरीत ‘डिस्क्रीट’ एकच दिसतो, पण शब्द दोन आहेत: एकात शेवटी दोन ‘ई’ शेजारी, अर्थ जपून बोलणारा-वागणारा, दुसऱ्यात मधल्या ‘टी’ने दोन ‘ई’ वेगळे पाडलेत, अर्थही ‘सुटासुटा’. मागच्या बाजूला मराठी अर्थ, नाम की क्रियापद, रंगासाठी अधिक किंवा उणे चिन्ह, आणि एक जोडीदार शब्द. बस. उच्चार आणि स्पेलिंग पाठ करण्यात वेळ घालवू नका. या भागात शब्द ओळखायचाच असतो.

चपलेच्या रिकाम्या खोक्यात तीन कप्पे करा: पहिला रोजचा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. बरोबर आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात जातं, चुकलेलं थेट पहिल्यात परत. रोज नवी दहा कार्डं, सातव्या दिवशी फक्त उजळणी. या वेगाने आठशे शब्दांना चौदा आठवडे लागतात. रोज चाळीस करणाऱ्यांचं काय होतं ते ठरलेलं आहे: दुसऱ्या आठवड्यात उजळणीचा ढीग नव्या शब्दांहून मोठा होतो आणि खोकं कपाटावर जातं. यादी अक्षरक्रमाने घेऊ नका. सारख्या सुरुवातीचे शब्द एकमेकांत मिसळतात, आणि अनेकांच्या पुस्तकात फक्त ‘ए’ची पानं मळलेली असतात ती यामुळेच. जवळच्या अर्थाचे चार शब्दही पहिल्यांदा एकाच दिवशी शिकू नका. आधी वेगवेगळ्या दिवशी, मग ते तिसऱ्या कप्प्यात पोहोचले की एकत्र मांडून फरक पाहा.

मुळांचा आधार घ्यायला हरकत नाही. बैलाच्या मानेवरचं ‘जू’ संस्कृत ‘युग’मधून आलं, त्याच घराण्यातला लॅटिन शब्द ‘सब्जुगेट’मध्ये आहे: शब्दशः जुवाखाली आणणं, म्हणजे अंकित करणं. ‘इम्पीड’मध्ये ‘पद’ आहे, पायात अडकवणं, अडथळा आणणं. ‘मॉरिबंड’ आणि ‘मरण’ एकाच कुळातले. पण नुसत्या दिसण्यावरून अर्थ लावला तर फजिती होते. ‘एनर्व्हेट’ एनर्जी देत नाही, त्राण काढून घेतो. ‘रेस्टिव्ह’ला रेस्ट माहीत नाही, तो बिथरलेला, चुळबुळ करणारा. ‘नॉइसम’मध्ये आवाज नाही, दुर्गंध आहे. ‘मेरिट्रिशस’मध्ये गुणवत्ता नाही, वरवरचा भपका आहे. ‘डिसइंटरेस्टेड’ माणूस कंटाळलेला नसतो, निःपक्षपाती असतो. पंच म्हणून तोच बसवावा. या पाच शब्दांची कार्डं आजच करा, आणि सहावं ‘सँक्शन’चं. त्याच्यावर मात्र वाक्यं दोन लिहा.