डॉक्टरांचे प्रश्न : सुईचा आग्रह, वॉर्डातली धक्काबुक्की आणि रात्रीचे मेसेज

प्रश्न : सर, एमबीबीएस झाल्यावर नुकताच तालुक्याच्या गावी दवाखाना टाकलाय. ओपीडीत निम्मे पेशंट सर्दी-ताप-खोकल्याचे, आणि प्रत्येकाला सुई हवी, नाहीतर 'जरा भारी गोळी' तरी हवी. मी नुसती पॅरासिटामॉल लिहिली की तोच पेशंट दुसऱ्या दिवशी शेजारच्या दवाखान्यात सलाईन लावून पडलेला असतो आणि त्यात सेफ्ट्रिॲक्झोनसारखं भारी अँटिबायोटिक सोडलेलं असतं. अशात प्रॅक्टिस टिकवायची कशी?
– एक डॉक्टर, सोलापूर जिल्हा

उत्तर : डॉक्टर, पेशंटला अँटिबायोटिकच हवं असतं असं आपण धरून चालतो, पण त्याला खरं तर परवा कामावर जायचं असतं, कारण रोज बुडाला की त्या दिवशीचे पैसे गेले, आणि सुई घेतली की लवकर बरं वाटतं हे त्याला आपल्याच आधीच्या पिढीतल्या डॉक्टरांनी शिकवलंय. त्यामुळे 'याला औषधाची गरज नाही' एवढंच म्हणून त्याला घालवलंत तर तो जाणारच, मीही गेलो असतो. त्याला किती दिवस लागतील ते सांगा. साध्या व्हायरल खोकल्याला पूर्ण जायला दोन-तीन आठवडे लागू शकतात आणि लोकांना वाटतं पाच दिवसांत जायला पाहिजे. हे आधीच कानावर घातलं असेल तर चौथ्या दिवशी 'डॉक्टरांचं औषध लागू पडलं नाही' असं होत नाही.

दुसरं म्हणजे तपासताना बोला. शर्ट वर घ्यायला लावा, स्टेथो पाठीलाही लावा आणि मोठ्याने सांगा की छाती साफ आहे, न्यूमोनिया नाही. लहान मूल असेल तर आईसमोर मोबाईलचं टायमर लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा, मूल रडत असेल तर शांत होईपर्यंत थांबा. दोन महिने ते वर्षाच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला 50 किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त म्हणजे श्वास जलद आहे, तिथे न्यूमोनिया धरून पुढचं बघायचं. त्या एका मिनिटात आईलाही दिसतं की डॉक्टर नीट बघतायत, आणि माझ्या मते सुईपेक्षा तिला तेच हवं असतं. मग कागदावर मराठीत लिहून द्या : धाप लागली, लघवी कमी झाली, बाळाने पिणं सोडलं, पोटात खूप दुखायला लागलं किंवा तीन दिवसांनीही ताप उतरला नाही तर लगेच या. आणि त्या फेरीची फी घेऊ नका. शेजारी जाणारे बरेच जण तिथल्या औषधासाठी जात नाहीत, तुमच्याकडे परत आलं तर पुन्हा पैसे पडतील म्हणून जातात.

आता सुईबद्दल, कारण याची मला मनापासून काळजी वाटते. पावसाळ्यात तापाच्या पेशंटला डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची सुई देऊ नका, डेंग्यू असेल तर रक्तस्राव वाढायची भीती असते. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने ताप उतरतो, माणूस हसत घरी जातो आणि आत काय चाललंय ते झाकलं जातं. विडाल या रक्ताच्या एकाच टेस्टवर टायफॉइडचा शिक्का मारून सेफिक्झिम हे अँटिबायोटिक सुरू करणं तर सगळीकडे चालतं, पण आपल्याकडे ती टेस्ट टायफॉइड नसतानाही पॉझिटिव्ह येते, म्हणून टायफॉइडचा संशय खरंच असेल तर अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) पाठवा. आणि जुन्या खोकल्याला लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक कधीच नको. ते टीबीच्या जंतूंवरही चालतं, त्यामुळे पेशंटला थोडे दिवस बरं वाटतं, थुंकी तपासायची राहून जाते आणि तोवर घरातल्यांना लागण होत राहते. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर आधी थुंकी. टीबी निघाला तर तो सरकारला कळवणं खासगी डॉक्टरांनाही 2012 पासून बंधनकारक आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली अँटिबायोटिकचे ॲक्सेस (आधी वापरायची), वॉच (जपून वापरायची) आणि रिझर्व्ह (शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवायची) असे गट पाडले. अमॉक्सिसिलिन ॲक्सेसमध्ये आहे, पण आपण चणे-फुटाण्यासारखी लिहितो ती अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम दोन्ही वॉचमध्ये आहेत. सेफिक्झिम, सेफ्ट्रिॲक्झोन मार्च 2014 पासून शेड्यूल एच-वन या सरकारी यादीतही आहेत, म्हणजे केमिस्टने डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव रजिस्टरला लिहून ते तीन वर्षं ठेवायचंय. तुमच्या केमिस्टकडे ते रजिस्टर आहे का, एकदा जाऊन बघा.

शेजारच्या डॉक्टरबद्दल पेशंटसमोर एक शब्दही बोलू नका. चहाला बोलवा आणि सर्दीला अँटिबायोटिक नाही एवढं एकच दोघांनी मिळून ठरवा, गावात दोघं एकच बोलायला लागले की पेशंटला फिरायला जागा उरत नाही.

प्रश्न : मी सरकारी कॉलेजात मेडिसिनची रेसिडेंट (निवासी डॉक्टर) आहे. रात्री एक गंभीर पेशंट गेला, नातेवाइकांनी आरडाओरडा केला, सिस्टरला ढकललं, माझा ॲप्रन ओढला. वरिष्ठ म्हणतात सोडून दे, तक्रार केलीस तर तेच तुझ्यावर निष्काळजीपणाची केस टाकतील. काय करू?
– एक रेसिडेंट, पुणे

उत्तर : बाळ, सोडून देऊ नकोस. हल्ला हा एक विषय आणि उपचारात चूक झाली का हा वेगळा, दोन्ही एकात घालून तुला गप्प बसवू देऊ नकोस. महाराष्ट्रात 2010 पासून यासाठी स्वतंत्र कायदा आहे, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 रुपयांपर्यंत दंड, मोडतोड झाली असेल तर नुकसानीच्या दुप्पट भरपाई. त्यात नर्सेस आणि विद्यार्थीही येतात, म्हणजे सिस्टरचाही जबाब हवा. कोलकात्याच्या आर. जी. कर कॉलेजात ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने आदेश काढला की ड्युटीवर हल्ला झाला तर सहा तासांच्या आत संस्थाप्रमुखाने संस्थेतर्फे एफआयआर करायचा. त्याची प्रत जोडून डीनना लेखी अर्ज दे, पोहोच घे आणि मार्डच्या (निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या) प्रतिनिधीला सोबत ने. सहा तास उलटून गेले म्हणून तक्रार बाद होत नाही. पोलीस स्टेशनला तू एकटीने रात्रीबेरात्री हेलपाटे घालायचे नाहीत.

उलट केसची भीतीही समजून घे. सुप्रीम कोर्टाने 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालात सांगितलंय की डॉक्टरवर फौजदारी कारवाई करण्याआधी तपास अधिकाऱ्याने त्याच शाखेतल्या, शक्यतो सरकारी सेवेतल्या, तटस्थ डॉक्टरचं मत घ्यावं आणि आरोप झाला म्हणून सरसकट अटक करू नये. भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या नव्या न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये डॉक्टरला उपचारादरम्यानच्या निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूसाठी दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण तो निष्काळजीपणा सिद्ध व्हावा लागतो. तुला वाचवणार तो केसपेपर. वेळेसकट लिहिलेला बीपी, कधी कोणाला कॉल केला, नातेवाइकांना किती वाजता काय सांगितलं. मागाहून खाडाखोड अजिबात नको, राहिलं असेल तर आजची तारीख-वेळ टाकून 'उशिरा केलेली नोंद' म्हणून लिही. नातेवाइकांनी कागद मागितले तर 72 तासांत द्यायचे असतात, अडवून ठेवले की संशय वाढतो.

आणि पुढच्या वेळेसाठी : वाईट बातमी कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या देऊ नकोस. घरातल्या दोघा-तिघांना आत बसव, सिस्टर सोबत, गार्ड दाराबाहेर, आणि 'सिरियस आहे' म्हणत वेळ काढू नकोस, 'ते गेले' असं स्पष्ट सांग आणि मग थोडा वेळ काहीच बोलू नकोस. रेसिडेंटच्या 30-30 तासांच्या ड्युटीत हे शांतपणे करणं किती अवघड आहे ते मला माहीत आहे, आणि केंद्राच्या 1992 च्या रेसिडेन्सी योजनेत सलग 12 तासांच्या वर ड्युटी नको असं लिहिलेलं असूनही तुमच्यावर हे लादलं जातं याचा मला संताप येतो. तेही त्या अर्जात लिही.

प्रश्न : पेशंट रात्री अकराला व्हॉट्सॲपवर रिपोर्टचे फोटो टाकतात आणि 'गोळी सांगा' म्हणतात. उत्तर दिलं तर ती कन्सल्टेशन होते का? फी मागता येते का?
– एक फिजिशियन, सांगली

उत्तर : हो, दोन्ही. 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मेसेजवरचा सल्लाही सल्लाच, फीही घेता येते आणि जबाबदारी समोरासमोर तपासल्याएवढीच राहते. ओळखीचा पेशंट, तोच आजार आणि तुम्ही सहा महिन्यांच्या आत तपासलेलं असेल तर तो फॉलोअप, चालू औषध पुढे लिहून देता येतं. नवीन तक्रार असेल, जसं शुगरच्या पेशंटला आज छातीत दुखतंय, तर तो फॉलोअप नाही, त्याला 'जवळच्या हॉस्पिटलला आत्ता जा' एवढंच लिहा आणि फोन करून तो निघाला का बघा. पहिल्यांदाच बोलणाऱ्याला मेसेजवर पॅरासिटामॉल, ओआरएससारख्या साध्या औषधांपलीकडे जाऊ नका, त्याहून जास्त लागलं तर व्हिडिओ. मॉर्फिनसारखी नार्कोटिक (गुंगी आणणारी) आणि शेड्यूल एक्स या कडक नियमांच्या यादीतली औषधं व्हिडिओवरही नाहीत.

प्रिस्क्रिप्शन चॅटमध्ये टाइप करू नका, नाव, वय, तारीख, तुमचा रजिस्ट्रेशन नंबर आणि सही असलेल्या कागदाचा फोटो पाठवा आणि चॅट डिलीट करू नका. दवाखान्याचा वेगळा नंबर घ्या, त्यावर 'रात्री नऊनंतर मेसेज बघितले जात नाहीत, तातडीचं असेल तर 108' असा ऑटो रिप्लाय लावा, आणि हाच मजकूर वेटिंग रूममध्ये मोठ्या अक्षरांत चिकटवा.