पानापासून आफ्रिकन व्हायोलेटचं (कुंडीतलं छोटं फुलझाड) नवं रोप करताय?

सगळ्यात खालचं जून पान घेऊ नका, गाभ्यातलं कोवळंही नको. मधल्या ओळीतलं टवटवीत पान निवडा. देठ साधारण 3 सेंमी ठेवून धारदार ब्लेडने तिरका कापा, बोथट कात्रीने तो चिरडतो. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) समप्रमाणात मिसळा, ओलं करून मुठीत दाबून बघा. पाणी ठिबकलं तर जास्त झालं. बहुतेकांची पानं इथेच कुजतात. देठ जेमतेम उभा राहील एवढाच खोचा. वर पारदर्शक पिशवी, उजेड भरपूर, थेट ऊन नाही. मुळं महिन्याभरात धरतात, पण पिल्लं (नवी छोटी रोपं) दिसायला दोन-तीन महिनेही लागतात. तोवर पान उपटून बघायचा मोह आवरा, प्लीज! पिल्लांची पानं नाण्याएवढी झाली की पिल्लं वेगळी करा. आणि हो, पाकळ्यांवर मधोमध पट्टे असलेली कायमेरा जात पानापासून सहसा तशीच येत नाही. तिला बाजूचा फुटवा किंवा फुलाचा दांडा लागतो.