जुनी होडी घेतलीयस ना, मग आधी रंगाचा डबा बाजूला ठेव

भावा, आधी टोच्या घे आन् तळाच्या फळ्या, टोकाजवळचे सांधे सगळे टोचून बघ, चांगलं लाकूड टोक आत घेत नाही, कुजलेलं असलं की ओल्या बिस्किटासारखं दबतंय, वरून रंग कितीही झकास असूदे. तेवढा भाग बदलायचाच, पुट्टी भरून झाकायचा नाही. पण सगळ्या फळ्या एकदम काढू नको, आकारच जाईल होडीचा, खाली ठोकळ्यांचे टेकू दे आन् एकेक बदल.

सांगलीचं एप्रिलचं ऊन तर माहितीये, उघड्यावर ठेवलीस की तडकलीच, शेडमध्ये सावकाश वाळू दे. ओल्या लाकडाला इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा पक्का गोंद) नीट धरत नाही. घासताना मास्क लाव, जुन्या रंगात शिसं असू शकतं.

फळ्यांच्या सांध्यात पाणी अडवायला सुताची वात भरतात, ती लय ठासून भरू नको, लाकूड पाण्यात फुगतंय, जागा नसली की फळ्याच एकमेकींना ढकलून खिळ्यातनं सुटायला बघतात. कृष्णेत पहिल्यांदा सोडलीस की पाणी आत येणारच, घाबरू नको, काठाला बांधून एक-दोन दिवस भिजू दे, बरीच गळती आपोआप थांबती. फक्त सांगलीच्या आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी चढायला लागलं असलं तर ते सगळं पूर ओसरल्यावर.