अमेरिकेत ऑगस्टमध्ये बुक केलेली ईव्ही नोव्हेंबर 2025 ला हातात आली, तर टॅक्स क्रेडिट (भरायच्या टॅक्समधून थेट वजा होणारी रक्कम) मिळेल का? घरच्या चार्जरवर काय मिळतं? रिटर्न सीपीएकडून (परवानाधारक अकाउंटंट) भरावं की स्वतः?

मिळेल, कागद असतील तर. ईव्हीचं क्रेडिट 30 सप्टेंबर 2025 नंतर बंद झालं, पण ही तारीख गाडी ताब्यात घ्यायची नव्हतीच, त्या दिवसापर्यंत सही झालेला पक्का करार हवा आणि त्यावर थोडे का होईना पैसे भरलेले हवेत, मग गाडी नंतर आली तरी चालते. तुम्ही नुसतं "बुक केली" लिहिलंय. वेबसाइटवर परत मिळणारे शंभर डॉलर टाकून नंबर लावला असेल तर त्याला करार म्हणत नाहीत, त्यामुळे आधी सहीचा कागद शोधा.

दुसरा कागद म्हणजे डीलरचा टाइम ऑफ सेल रिपोर्ट, म्हणजे विक्रीची नोंद. तो तुम्हाला द्यायचा आणि आयआरएसच्या (अमेरिकेचं टॅक्स खातं) पोर्टलवरही भरायचा, दोन्ही कामं त्याची. आणि इथेच लोक झोपतात.

2024 च्या उन्हाळ्यात मी आणि माझे साडू, आम्ही दोघांनी न्यू जर्सीतल्या एकाच डीलरकडून एकच मॉडेल घेतलं, रंग तेवढा वेगळा. क्रेडिट डीलरला देऊन किमतीतून न वळवता रिटर्नमध्ये घ्यायचं ठरलेलं. माझी गाडी घ्यायला सगळे आलेले, सासूबाई पार्किंगमध्ये नारळ घेऊन उभ्या, चाकाखाली लिंबं ठेवून झालेली, आणि मी आत फायनान्सवाल्याच्या समोर बसून, की पोर्टलवर रिपोर्ट स्वीकारल्याचा प्रिंट दे, मग किल्ली घेतो. तो म्हणे सगळं ऑनलाइन आहे सर, डोंट वरी. म्हटलं ऑनलाइन आहे ना, मग प्रिंट काढायला काय जातंय? मॅनेजर आला, पासवर्ड सापडेना, बाहेर सासूबाईंचे पाय दुखायला लागले. साडू आत येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "साडूभाऊ, कशाला कागदी घोडे नाचवताय, माझी गाडी मागच्याच आठवड्यात घेतली, एक कागद मागितला नाही!" बायकोचं तोंड बघण्यासारखं झालेलं. पण प्रिंट घेतला आणि मगच नारळ फुटला.

पुढच्या फेब्रुवारीत माझं रिटर्न सरळ गेलं, पूर्ण 7,500 डॉलर. साड्वांचं ई-फाइल रिजेक्ट, कारण त्यांच्या गाडीचा व्हिन (ओळख) नंबर आयआरएसकडे नोंदलेलाच नाही! डीलर म्हणतो आम्ही भरलं होतं. नशीब त्यांचं की आयआरएसने 2024 चे राहिलेले रिपोर्ट डीलरांना उशिरा भरू दिले, नाहीतर गेले होते पैसे. तरी हेलपाटे घालावे लागलेच, आणि अजून गणपतीत भेटलो की मी कसा संशयी आहे हा विषय असतोच. डीलर गाडी विकायला बसलाय हो, तुमचा टॅक्स भरायला नाही. तेव्हा तुमचा रिपोर्ट पोर्टलवर गेला का ते आजच विचारा, फोनवर नको, ईमेलवर.

गाडीचं क्रेडिट घ्यायचं 2025 च्या रिटर्नमध्ये, फॉर्म 8936 आणि त्याचं शेड्यूल ए जोडून.

चार्जरचं क्रेडिट वेगळं, फॉर्म 8911. मुख्य घराला चार्जर आणि इलेक्ट्रिशियनची मजुरी धरून 30 टक्के, जास्तीत जास्त 1,000 डॉलर, आणि 30 जून 2026 पर्यंत बसून चालू झालेला हवा. पण घर ठरावीक सेन्सस ट्रॅक्टमध्येच (जनगणनेसाठी पाडलेले छोटे भाग) पाहिजे, कमी उत्पन्नाच्या किंवा शहराबाहेरच्या. झिप कोडवरून कळत नाही, एकाच झिपमध्ये एक गल्ली बसते, पलीकडची नाही. पत्ता टाकून अकरा आकडी ट्रॅक्ट नंबर काढा आणि आयआरएसच्या पात्र ट्रॅक्टच्या यादीत बघा.

आता गंमत ऐका. आम्ही जुन्या वस्तीत घर घेतलं तेव्हा साडू म्हणाले होते, तिकडे कोण राहतं, शाळांचं रेटिंग तरी बघायचं. स्वतः चांगल्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, प्रॉपर्टी टॅक्स विचारूच नका. माझा ट्रॅक्ट यादीत बसला, 2,200 खर्चावर 660 परत आले, त्यांचा बसला नाही. माझी मुलं त्याच "तिकडच्या" शाळेत जातात आणि छान शिकतायत.

एक राहिलंच, नवीन गाडीच्या क्रेडिटला उत्पन्नाची मर्यादा आहे, जॉइंट रिटर्नला 3 लाख डॉलर, एकट्याला दीड लाख, त्या वर्षीचं किंवा आदल्या वर्षीचं, जे कमी असेल ते धरता येतं. शिवाय मॉडेल पात्र हवं, गाडीची एमएसआरपी (कंपनीने ठरवलेली किंमत) 55 हजारांच्या आत, एसयूव्ही, व्हॅन किंवा पिकअप असेल तर 80 हजार. आणि रिटर्नमध्ये घेताना तुमचा टॅक्सच 5,000 होत असेल तर 5,000 च मिळतात, उरलेले पुढच्या वर्षी नेता येत नाहीत. मी सीपीए नाही. सीपीए लावायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा, साड्वांनी लावला होता, त्यानेही रिपोर्ट मागितला नव्हता.